लोटस ७२ : एका पाचरीची सहा वर्षे

एकआसनी शर्यतगाडी, म्हणजे जिच्यात केवळ चालकापुरती जागा असते आणि जिची चारही चाके अंगाबाहेर उघडी असतात अशी गाडी, सहसा एखाद-दोन हंगामांत जुनी होते. प्रतिस्पर्धी तिच्यातील नवे तेवढे उचलतात, नियम बदलतात, टायर बदलतात आणि ज्या कारखान्यात ती घडली तोच कारखाना तिच्या जागी दुसरी गाडी उभी करतो. इंग्लंडमधील लोटस या संघाची ‘७२’ क्रमांकाची गाडी या नियमाला ठळक अपवाद ठरली. एप्रिल १९७० मध्ये ती फॉर्म्युला वन या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतीत प्रथम उतरली आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये तिने अखेरची शर्यत धावली. या सहा हंगामांत तिने जागतिक विजेतेपदाच्या मालिकेतील वीस शर्यती जिंकल्या, दोन चालकांना जगज्जेतेपद मिळवून दिले आणि तिच्या निर्मात्यांना संघांसाठीचे विजेतेपद १९७०, १९७२ आणि १९७३ असे तीनदा दिले. हे आकडे मोठे आहेत, परंतु या गाडीचा इतिहास अभ्यासण्याजोगा होतो तो आणखी एका कारणाने: ज्या विचाराने तिला वेग दिला त्याच विचाराने तिच्या पहिल्या विजेत्याच्या मृत्यूची वाट मोकळी केली, आणि पुढे त्याच विचाराने तिला निवृत्तही केले.

या गाडीची घडण समजण्यासाठी तिच्या आधीची चार वर्षे पाहणे आवश्यक आहे. १९६६ पासून फॉर्म्युला वनमध्ये तीन लिटर क्षमतेच्या इंजिनांना मुभा मिळाली आणि ब्रिटिश संघांपुढे नव्या इंजिनाचा प्रश्न उभा राहिला. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी फोर्ड कंपनीला एक लाख पौंड गुंतवण्यास राजी केले आणि कीथ डकवर्थ यांच्या कॉसवर्थ या छोट्या कंपनीने ‘डीएफव्ही’ नावाचे आठ सिलिंडरचे इंजिन तयार केले. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडफूर्ट येथे हे इंजिन बसवलेली लोटस ४९ पहिल्यांदाच शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्क या स्कॉटिश चालकाने ती शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षापासून मात्र हे इंजिन इतर संघांनाही मिळू लागले आणि १९६९ पर्यंत बहुतेक ब्रिटिश संघांच्या गाड्यांत तेच धडधडत होते. ज्या शक्तीच्या बळावर लोटसने आघाडी घेतली होती ती आता सर्वांच्या हाती आली होती. फेरारीकडे आणि बीआरएमकडे स्वतःची बारा सिलिंडरची इंजिने होती, पण इंग्लंडमधील उरलेल्यांना एकमेकांवर मात करायची तर ती इंजिनाच्या नव्हे, गाडीच्या अंगाच्या बळावर करावी लागणार होती. लोटस ७२ चा जन्म या गरजेतून झाला.

चॅपमन यांचे शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकाम-रचनेच्या अभियांत्रिकीचे झाले होते आणि पूल किंवा छत यांच्याकडे ज्या नजरेने पाहावे त्याच नजरेने ते गाडीकडे पाहत: कोणता भार कुठून कुठे जातो, आणि जो भाग भार वाहत नाही तो तिथे का आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. त्यातून १९६२ ची लोटस २५ निर्माण झाली, जिच्यात नळ्यांच्या सांगाड्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे पोकळ कवच हाच गाडीचा कणा होता. या रचनेला मोनोकॉक म्हणतात आणि फॉर्म्युला वनमध्ये तिचा पाया त्याच गाडीने घातला. लोटस ४९ मध्ये चॅपमन आणि त्यांचे आरेखक मॉरिस फिलिप यांनी आणखी पुढे जाऊन इंजिनालाच कण्याचा भाग केले: कवच चालकाच्या पाठीशी संपे, इंजिन त्याला बोल्टांनी जोडलेले असे आणि मागची चाके इंजिन व गिअरबॉक्स यांच्याच आधाराने उभी राहत. वजन वाचवण्याचा हा ध्यास लोटसच्या यशाचे मूळ होता आणि तिच्या गाड्या मोडतात, या सर्वत्र पसरलेल्या समजुतीचेही.

ही समजूत निराधार नव्हती. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनातील मॉन्जुइक टेकडीवरच्या रस्त्यांवर झालेल्या स्पॅनिश शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच खांबांवर उभारलेले मागचे पंख मोडले आणि ग्रॅहम हिल व योखन रिंट हे दोघेही चालक कडेच्या कठड्यांवर आदळले. पंख म्हणजे विमानाच्या पंखाची उलटी केलेली पट्टी. तिच्यावरून जाणारी हवा गाडीला वर न उचलता खाली दाबते आणि त्यामुळे वळणावर टायरची पकड वाढते. रिंट जायबंदी झाले, आणि काही दिवसांनी त्यांनी चॅपमन यांना लिहिलेल्या पत्रात थोडे किलो वाढवून गाडीचे कमकुवत भाग भक्कम करावेत, कारण ज्या गाडीवर विश्वास आहे तीच आपण चालवू शकतो, असे स्पष्टपणे सुचवले. लोटस ७२ च्या इतिहासात या पत्राला फार मोठे स्थान दिले पाहिजे, कारण पुढच्या सोळा महिन्यांत जे घडले त्याचा इशारा त्यात आधीच दिलेला होता. याच अपघातानंतर नियम करणाऱ्यांनी उंच पंखांवर बंदी घातली आणि पंख गाडीच्या अंगालाच, ठरावीक उंचीच्या आत, घट्ट बसवले पाहिजेत असे ठरले. त्याच वर्षी लोटसने चारही चाकांना इंजिनाची शक्ती देणारी ६३ क्रमांकाची गाडी करून पाहिली. ती जड, गुंतागुंतीची आणि चालकांना नकोशी निघाली. परिणामी १९७० च्या आरंभी लोटसकडे तीन वर्षांची जुनी ४९ होती, रिंटसारखा अत्यंत वेगवान पण साशंक चालक होता, आणि नवी गाडी कागदावरून पत्र्यावर उतरत होती.

नव्या गाडीची सर्वांत प्रथम डोळ्यांत भरणारी गोष्ट म्हणजे तिचा आकार. तोवरच्या गाड्यांचा देह सिगारसारखा गोल असे आणि त्याच्या नाकपुडीत, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, इंजिनाचे पाणी थंड करणारा रेडिएटर बसवलेला असे. त्यासाठी पुढचे तोंड रुंद उघडे ठेवावे लागे आणि त्यात शिरणारी हवा गाडीला मागे खेची. फिलिप आणि चॅपमन यांनी हा रेडिएटर तिथून काढला, त्याचे दोन भाग केले आणि चालकाच्या दोन्ही कुशींना, मागच्या चाकांच्या पुढे, स्वतंत्र पेट्यांत बसवले. नाक रिकामे झाल्यामुळे ते सुताराच्या पाचरीसारखे चपटे व धारदार करता आले. असा पाचरीचा आकार लोटसने १९६८ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी केलेल्या ५६ क्रमांकाच्या टर्बाइन-गाडीत आधी आजमावला होता. पाचरीच्या उतारावरून वर सरकणारी हवा गाडीचे पुढचे अंग जमिनीकडे दाबते. म्हणजे ज्या हवेशी पूर्वी झगडावे लागे तीच आता कामाला लागली. रेडिएटर मागे सरकल्याने वजनाचा अधिक वाटा मागच्या चाकांवर पडला, जिथे इंजिनाची शक्ती जमिनीला पोचवायची असते. आणि तापलेल्या पाण्याच्या नळ्या चालकाच्या पायांपासून मागे गेल्याने त्याची बसण्याची जागाही पूर्वीइतकी भाजेनाशी झाली. एकाच बदलातून इतके लाभ निघावेत अशी उदाहरणे यंत्ररचनेच्या इतिहासात फार थोडी सापडतात, आणि या गाडीच्या कर्त्यांची खरी प्रतिभा इथे दिसते.

दुसरा बदल बाहेरून दिसणारा नव्हता. गाडीचे वजन दोन प्रकारांत विभागता येते: स्प्रिंगच्या वर तोलले जाणारे, म्हणजे कवच, इंजिन, इंधन व चालक, आणि स्प्रिंगच्या खाली, रस्त्याबरोबर उसळणारे, म्हणजे चाके, टायर आणि त्यांच्याशी जोडलेले भाग. हे दुसरे वजन जितके कमी तितके चाक रस्त्याच्या खाचखळग्यांना चटकन प्रतिसाद देते आणि टायर जमिनीला चिकटून राहतो. ब्रेकच्या जाड चकत्या नेहमी चाकाच्या आत असतात, म्हणून त्या या दुसऱ्या वजनात मोडतात. लोटस ७२ मध्ये मागचेच नव्हे तर पुढचेही ब्रेक चाकातून काढून गाडीच्या अंगावर बसवले गेले आणि चाक व ब्रेक यांना जोडण्यासाठी पुढच्या बाजूला दोन आडवे दांडे, म्हणजे ब्रेक-शाफ्ट, आले. यामुळे उसळणारे वजन घटलेच, शिवाय ब्रेक लावताना निर्माण होणारी प्रचंड उष्णता टायरपर्यंत पोचेनाशी झाली. टायर थंड राहत असल्याने अधिक मऊ रबराचे, म्हणजे अधिक पकड देणारे टायर वापरता येऊ लागले. परंतु याचा दुसरा अर्थ असा होता की पुढच्या चाकाला थांबवणारी सगळी शक्ती आता एका दांड्यातून वाहणार होती. ब्रेक चाकातच असलेल्या गाडीत असा दांडाच नसतो, त्यामुळे तो तुटण्याचा प्रश्नही येत नाही.

स्प्रिंगांच्या बाबतीतही नेहमीची वाट सोडली होती. वेटोळ्याच्या स्प्रिंगऐवजी येथे टॉर्शन बार होते, म्हणजे लांब पोलादी दांडे जे पिळले जाऊन चाकाचा धक्का झेलतात आणि उलटे उलगडून चाकाला पुन्हा जागेवर आणतात. प्रत्येक ठिकाणी एक भरीव दांडा एका पोकळ नळीच्या आत बसवून दोन्ही एका टोकाला दातेरी जोडणीने गुंतवले होते, त्यामुळे कमी जागेत लांब दांड्याचा गुण मिळाला. आणि जोडदांड्यांची मांडणी अशी होती की चाक जितके वर जाई तितकी स्प्रिंग अधिक ताठ होई. इंधनाची टाकी रिकामी होत जाते तशी गाडी हलकी होते, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी सारखाच तोल राखणारी अशी बदलती स्प्रिंग शर्यतीत फार उपयोगी पडते.

याच भागात कर्त्यांनी एक पाऊल जरुरीपेक्षा पुढे टाकले. ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली झुकते आणि वेग घेताना मागचे अंग बसते, हे कोणालाही ठाऊक आहे. पाचरीच्या आकाराच्या गाडीत हे झुकणे हवेच्या दाबाचा सगळा हिशेब बिघडवते, म्हणून सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांना अंगाशी जोडणारे, दांडे तिरके लावून हे झुकणे आणि बसणे दोन्ही रोखण्याची योजना मूळ आरेखनात होती. कागदावर ती निर्दोष होती, परंतु प्रत्यक्षात वळणावर आतले चाक उचलले जाऊ लागले आणि स्टिअरिंग चाकातून चालकाच्या हातांना मिळणारी रस्त्याची जाणीव नाहीशी झाली. टायर आता निसटणार की अजून धरून आहे, हे त्या जाणिवेवरूनच चालकाला कळते. १९ एप्रिल १९७० रोजी माद्रिदजवळच्या हारामा येथे गाडीचे पदार्पण झाले ते निराशाजनक ठरले आणि रिंट नव्या गाडीवर उघडपणे नाराज झाले. पुढच्या मोनॅकोच्या शर्यतीत ते जुनी ४९ घेऊन उतरले आणि जिंकलेही. मधल्या आठवड्यांत नवी गाडी कारखान्यात परत नेऊन तिच्या सस्पेन्शनची मांडणी साधी करण्यात आली आणि झुकणे रोखण्याचा सारा खटाटोप काढून टाकण्यात आला. अपयशाचे कारण इतक्या लवकर ओळखून स्वतःचीच कल्पना मागे घेणे, हा चॅपमन यांचा मोठा गुण मानला पाहिजे.

सुधारलेल्या गाडीचा परिणाम विलक्षण होता. २१ जून १९७० रोजी झांडफूर्ट येथे रिंट यांनी तिच्यावर पहिला विजय मिळवला, पण त्याच शर्यतीत त्यांचे जवळचे मित्र पिअर्स करेज यांचा मृत्यू झाल्याने तो विजय त्यांना सुखाचा झाला नाही. ५ जुलै रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे आणि १८ जुलै रोजी इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे ते पुन्हा पहिले आले. ब्रँड्स हॅचला शेवटच्या फेरीत आघाडीवर असलेल्या जॅक ब्रॅबहम यांच्या गाडीतील इंधन संपले होते, आणि शर्यतीनंतर पंखाच्या उंचीवरून रिंट यांना आधी बाद ठरवून नंतर विजय परत देण्यात आला. २ ऑगस्ट रोजी जर्मनीतील होकेनहाइम येथे त्यांनी चौथा सलग विजय नोंदवला. ही जर्मन शर्यत नेहमीच्या न्यूरबर्गरिंगऐवजी तिथे झाली, कारण चालकांनी सुरक्षिततेच्या कारणावरून न्यूरबर्गरिंगला नकार दिला होता. मोनॅको धरून रिंट यांचे ४५ गुण झाले आणि विजेतेपद त्यांच्या हाताशी आले. ऑगस्टमधील ऑस्ट्रियन शर्यतीत मात्र त्यांचे इंजिन बिघडले, आणि संघातील दुसरे चालक जॉन माइल्स यांच्या गाडीचा पुढचा ब्रेक-शाफ्ट तुटला. माइल्स वाचले. या तुटलेल्या दांड्याचा अर्थ तेव्हाच पूर्णपणे लावला गेला असता तर पुढचा इतिहास वेगळा होऊ शकला असता.

त्यानंतरची शर्यत इटलीतील मोन्झा येथे होती, जिथे लांब सरळ रस्त्यांमुळे निव्वळ वेगाला सर्वाधिक महत्त्व असते. फेरारीचे बारा सिलिंडरचे इंजिन तिथे अधिक बलवान ठरणार हे दिसत होते. त्यावर उपाय म्हणून लोटस ७२ चे पंख काढून तिला हवेतून निसटती करण्यात आली. माइल्स यांना पंखाविना गाडी अस्थिर वाटली, रिंट यांनी तो वेग स्वीकारला. ५ सप्टेंबर १९७० रोजी, शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या सरावात, पाराबोलिका या वळणाआधी ब्रेक लावताना त्यांची गाडी अचानक डावीकडे वळली आणि कडेच्या लोखंडी कठड्यावर आदळली. गाडीच्या पुढच्या भागाचा चुराडा झाला. रिंट आसनाच्या पट्ट्यांच्या संचातील मांड्यांमधला पट्टा बांधत नसत; त्यामुळे आघातात ते आसनातून खाली सरकले आणि उरलेल्या पट्ट्यांनीच त्यांच्या गळ्यावर प्राणघातक इजा केली. चौकशीत उजव्या बाजूचा पुढचा ब्रेक-शाफ्ट तुटल्याचे निष्पन्न झाले, आणि कठडा नीट बसवलेला नसल्याने अपघात जीवघेणा झाला असेही नोंदवले गेले. मृत्यूला एकच कारण नव्हते. दांडा, पंखांचा अभाव, न बांधलेला पट्टा आणि निकृष्ट कठडा यांची साखळी जुळून आली. पण साखळीची पहिली कडी लोटसच्या कारखान्यातील होती, आणि ती कडी वजन वाचवण्याच्या ध्यासातूनच आलेली होती, हे या गाडीच्या चाहत्यानेही मान्य केले पाहिजे.

लोटसने मोन्झाच्या शर्यतीतून माघार घेतली आणि कॅनडाचीही शर्यत सोडली. फेरारीचे जॅकी इक्स कॅनडात जिंकले आणि त्यांचे २८ गुण झाले. विजयाला नऊ गुण मिळत असल्याने उरलेल्या दोन्ही शर्यती जिंकल्या तरच ते दिवंगत रिंट यांच्या पुढे जाणार होते. ४ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे लोटस परतली ती एमर्सन फित्तिपाल्दी या तेवीस वर्षांच्या ब्राझीलियन चालकाला घेऊन, ज्याची फॉर्म्युला वनमधील ती अवघी चौथी शर्यत होती. शेवटच्या टप्प्यात आघाडीवरचे पेद्रो रॉड्रिग्ज इंधनासाठी थांबले आणि फित्तिपाल्दी पहिले आले. इक्स चौथे राहिले. त्या विजयाने रिंट यांचे विजेतेपद निश्चित झाले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात मरणोत्तर जगज्जेता झालेले ते आजवरचे एकमेव चालक आहेत.

१९७१ चा हंगाम लोटससाठी कोरडा गेला. १९६० पासून दरवर्षी लोटसच्या गाडीने किमान एक शर्यत जिंकली होती. ती परंपरा या वर्षी खंडित झाली. फित्तिपाल्दी अननुभवी होते, मध्यंतरी रस्त्यावरच्या मोटार-अपघातात ते जखमी झाले, आणि टायरची रुंदी व ठेवण बदलल्याने गाडीचा तोल नव्याने बसवावा लागला. त्यासाठी मागचे सस्पेन्शन पुन्हा आखले गेले आणि त्यातून जी आवृत्ती निघाली तिला ७२डी म्हणतात. हे काम त्या वर्षी फळाला आले नाही, तरी पुढचे यश त्याच्यावरच उभे राहिले.

१९७२ मध्ये गाडी काळ्या रंगात व सोनेरी रेघांत आली. या रंगाचा इतिहासही थोडक्यात सांगण्यासारखा आहे. पूर्वी शर्यतगाडीचा रंग तिच्या देशावरून ठरे: इंग्लंडची हिरवी, इटलीची लाल, फ्रान्सची निळी, जर्मनीची रुपेरी. १९६८ मध्ये बाहेरच्या प्रायोजकांना मुभा मिळाली तेव्हा लोटसने तत्काळ सिगारेट-उत्पादकाशी करार करून गाडी लाल-पांढऱ्या-सोनेरी वेष्टनाच्या रंगात रंगवली, आणि चार वर्षांनी त्याच उत्पादकाच्या ‘जॉन प्लेअर स्पेशल’ या नव्या सिगारेटचा काळा-सोनेरी वेश तिला चढवला. खेळाचा खर्च जाहिरातीने भागवण्याची आजची पद्धत येथे रुजली. तंबाखूच्या पैशावर हा खेळ पुढे कित्येक दशके चालला, ही गोष्ट गौरवाची नाही. पण काळ्या-सोनेरी रंगातील ती पाचर शर्यतींच्या इतिहासातील सर्वांत देखण्या गाड्यांपैकी एक होती हेही खरे.

त्या वर्षी फित्तिपाल्दी यांनी स्पेन, बेल्जियम, ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि इटली अशा पाच शर्यती जिंकल्या. इटलीतील विजय विशेष मोलाचा होता. रिंट यांच्या मृत्यूवरून तिथे कायदेशीर कारवाई चालू असल्याने लोटसने १० सप्टेंबरच्या मोन्झा शर्यतीत आपल्या नेहमीच्या नावाऐवजी ‘वर्ल्ड वाइड रेसिंग’ या नावाने एकच गाडी उतरवली. त्यातही गाड्या वाहून नेणारे वाहन वाटेत उलटले आणि राखीव गाडी वापरावी लागली. त्या गाडीवर, ज्या मैदानावर दोन वर्षांपूर्वी रिंट गेले त्याच मैदानावर, फित्तिपाल्दी जिंकले आणि जगज्जेते झाले. त्यांचे वय पंचवीस वर्षे होते. इतक्या लहान वयातील जगज्जेतेपदाचा तो विक्रम २००५ पर्यंत अबाधित राहिला.

१९७३ च्या हंगामात सुरक्षिततेचा नवा नियम लागू झाला: इंधनाच्या टाकीभोवती, आघाताने चेपला जाऊन धक्का शोषेल असा थर प्रत्येक गाडीला अनिवार्य झाला आणि किमान वजन ५७५ किलोपर्यंत वाढले. लोटसने नवी गाडी न बांधता ७२ च्या कुशींत हा थर बसवून ७२ई ही आवृत्ती केली. फायरस्टोनऐवजी गुडइयरचे टायर आले आणि रॉनी पीटरसन हा स्वीडिश चालक संघात आला. पीटरसन यांनी त्या वर्षी नऊ वेळा सर्वांत पुढच्या स्थानावरून शर्यत सुरू केली आणि फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटली व अमेरिका या चार शर्यती जिंकल्या. फित्तिपाल्दी यांनी अर्जेंटिना, ब्राझील आणि स्पेन या तीन जिंकल्या. सात विजय मिळवूनही चालकांचे विजेतेपद टिरेल संघाच्या जॅकी स्टुअर्ट यांच्याकडे गेले, कारण लोटसचे गुण दोघांत वाटले गेले. मोन्झा येथे ही गोष्ट उघडी पडली: फित्तिपाल्दी यांची विजेतेपदाची आशा टिकवण्यासाठी त्यांना विजय हवा होता, पीटरसन त्यांच्या पुढे धावत होते, आणि चॅपमन यांनी जागा बदलण्याची खूण केली नाही. दोघे पहिले-दुसरे आले, स्टुअर्ट चौथे येऊन जगज्जेते झाले, आणि वर्षअखेर फित्तिपाल्दी लोटस सोडून मॅक्लारेन संघाकडे गेले. संघाचे विजेतेपद मात्र ९२ गुणांनी लोटसने पटकावले. गाडीच्या गुणवत्तेचा निवाडा करायचा तर तो याच हंगामावरून केला पाहिजे, कारण दोन अगदी भिन्न स्वभावांच्या चालकांनी तिच्यावर जवळजवळ सारखेच यश मिळवले.

येथे तिची सन्मानाने निवृत्ती व्हायला हवी होती. १९७४ साठी लोटसने ७६ क्रमांकाची गाडी केली, जिच्यात क्लच विजेच्या बटणाने चालत असे आणि मागे दुमजली पंख होता. पण ती चालकांच्या विश्वासाला उतरली नाही आणि काही शर्यतींतच बाजूला ठेवावी लागली. पाचव्या हंगामात पोचलेली ७२ पुन्हा बाहेर काढली गेली आणि पीटरसन यांनी तिच्यावर मोनॅको, फ्रान्समधील दिजाँ आणि मोन्झा येथे विजय मिळवले. मोन्झाला दुसरे आले ते पुन्हा फित्तिपाल्दी, आणि तेही मॅक्लारेनच्या एम२३ या गाडीवर. ही एम२३ पाचरीच्या आकाराची, कुशीत रेडिएटर असलेली, म्हणजे सरळसरळ ७२ च्या कुळातली होती. तिच्याच बळावर फित्तिपाल्दी त्या वर्षी दुसऱ्यांदा जगज्जेते झाले. इक्सही आता लोटसमध्ये होते, पण विजेतेपदाच्या मालिकेत त्यांना या गाडीवर विजय मिळाला नाही.

१९७५ मध्ये तिची ताकद ओसरली आणि त्याचे कारण तिच्या रचनेतच होते. टायर ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय पकड देत नाही. १९७० मध्ये पुढचे ब्रेक अंगावर नेऊन टायर थंड ठेवणे हा लाभ होता, कारण तेव्हा त्या गाडीला साजेसे मऊ टायर मिळत. गुडइयर आता इतर, चाकातच ब्रेक असलेल्या गाड्यांकडे पाहून अधिक कडक टायर बनवत होती, आणि ७२ चे पुढचे टायर पुरेसे तापतच नव्हते. पाच वर्षांपूर्वी जे बलस्थान होते तेच आता वैगुण्य झाले. इक्स यांनी अर्धवट थांबवलेल्या स्पॅनिश शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, एरवी ही गाडी मधल्या रांगेत धावत राहिली. ५ ऑक्टोबर १९७५ रोजी वॉटकिन्स ग्लेन येथे तिने अखेरची शर्यत धावली आणि पीटरसन पाचवे आले.

या गाडीचे मूल्यमापन करताना तिच्या विजयांपेक्षा तिच्या कोणत्या कल्पना पुढे टिकल्या आणि कोणत्या गळाल्या हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. रेडिएटर कुशीत बसवण्याची मांडणी काही वर्षांतच जवळपास सर्वमान्य झाली आणि आजच्या फॉर्म्युला वन गाडीतही ती तशीच आहे. हवेला शत्रू न मानता तिला गाडी दाबण्याच्या कामाला लावायचे, हा विचार चॅपमन यांनी पुढे लोटस ७८ आणि ७९ या गाड्यांत तळाखालच्या हवेपर्यंत नेला. टॉर्शन बारचा वापर त्या काळी मागे पडला, तरी पुढच्या पिढ्यांत तो पुन्हा आला. पुढचे ब्रेक अंगावर बसवण्याची कल्पना मात्र काही गाड्यांनी करून पाहिली आणि नंतर सर्वांनी सोडून दिली. ज्या दांड्यामुळे रिंट यांची गाडी मोन्झात डावीकडे वळली, तसा दांडा आज फॉर्म्युला वनच्या एकाही गाडीत नाही.